भावकीचा पासवर्ड

झरीत नवा मोबाइल घेणाऱ्याला सल्ला मागावा लागत नाही. परभणीहून जिंतूरकडं जाणाऱ्या गाडीतून तो खोकं बगलेत मारून उतरला, की फाट्यावर कपातला चहा निवायच्या आत फोन चार हातांतून फिरून येतो आणि निकाल लागतो, "ह्यो कामून घेतलास?" कोणताही आणा, निकाल हाच. विवो आणला तर ओप्पो का नाही. ओप्पो आणला तर तेवढ्याच पैशात रेडमी आला असता. रेडमी आणला तर सॅमसंग. आणि सॅमसंग आणणाऱ्याला "बरं केलंस" म्हणतात, पण अशा सुरात, की घरी जाईपर्यंत तो रडकुंडीला येतो.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आमच्या जिल्ह्याबद्दल म्हणतात. हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवलं याच्या पाच-सहा कथा आहेत, आणि प्रत्येक कथा सांगणारा बाकीच्या खोट्या ठरवतो. ग्राहकांची मतं अजमावायला कंपन्या माणसं नेमतात म्हणे. त्यांनी एकदा झरीला यावं. माणसं कमी पडतील, मतं पडणार नाहीत.

जाहिरातीत जे सांगतात त्याचा आणि आमच्या परीक्षेचा काही संबंध नाही. प्रोसेसर कोणता हे अजून तरी कुणी विचारलेलं ऐकलं नाही. पहिली परीक्षा आवाजाची. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून तास धरलं असताना खिशातलं गाणं कानापर्यंत आलं पाहिजे, आणि शेजारच्या वावरातल्या माणसालाही आलं तर उत्तम, म्हणजे नवा फोन घेतल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी परीक्षा पडण्याची. फोन हातातून पडतो तो शहरात पडतो. आमच्याकडं तो फवारणीच्या पंपाच्या टाकीत, हौदात किंवा मळणीयंत्राच्या भुशात जातो, आणि तिथून काढून, धोतराला पुसून, "हॅलो" म्हटल्यावर चालला तर कंपनी चांगली.

कॅमेऱ्याचं मात्र कौतुक आहे. पोरांकडं २०० मेगापिक्सेलवाले फोन आलेत. तसल्या फोननं कपाशीवरच्या अळीचा फोटो काढला तर अळीच्या अंगावरचे केस मोजता येतात. तो फोटो घेऊन दुकानात जायचं. दुकानदार तो दोन बोटांनी मोठा करून, मान हलवून, गंभीर होऊन पाहतो आणि जे औषध त्याच्याकडं शिल्लक आहे तेच देतो. हे तो साध्या फोनच्या काळातही देत होता.

आणि अंगठा. नवे फोन अंगठा ठेवला की उघडतात. शेजारच्या आजीच्या अंगठ्यानं मात्र एकही उघडत नाही. सगळं आयुष्य खुरपून आणि कापूस वेचून रेषा पुसल्या गेल्यात. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा उठत नाही. मग डोळा दाखवा, नाहीतर नातवाला आणा. नातवानं एकदा हौसेनं त्याच्या फोनवर आजीचा अंगठा नोंदवायचं मनावर घेतलं. बोट ठेवा, उचला, ठेवा, उचला, थोडं दाबून ठेवा. बराच वेळ चाललं. शेवटी आजी म्हणाली, "आरं, जलमभर काम करून झिजला अंगठा. आता मशिनीला दिसंना त्यो का मपला दोष हाय? चष्मा लावा म्हणावं तिला." स्मार्टफोनबद्दल आजवर ऐकलेल्या मतांत याला खोडून काढणारं मत मला मिळालेलं नाही.

किंमत आम्ही रुपयात मोजत नाही, पोत्यात मोजतो. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. या हिशेबानं १५ हजारांचा फोन म्हणजे पावणेतीन क्विंटलांच्या थोडा वर. पण हमीभाव हा जाहीर व्हायचा भाव असतो, मिळायचा नव्हे. व्यापाऱ्यानं चार हजार लावला की तोच फोन पावणेचार क्विंटलांना जातो. म्हणजे फोनची किंमत कंपनी वाढवो न वाढवो, आमच्याकडं ती पावसावर, ओलाव्यावर आणि आडत्याच्या मूडवर वाढते. शिवाय पोरांना पाहिजे तो फोन हप्त्यावर मिळतो. हप्ता थकला की आत घातलेलं काही तरी जागं होतं आणि फोन आपोआप कुलूप लावून घेतो. पूर्वी सावकार दारात येऊन बसायचा तेव्हा निदान त्याला चहा पाजून दोन दिवस मागून घेता यायचे.

फोन एकदाच घ्यायचा असतो. रिचार्जचं तसं नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि आधी डिसेंबरपर्यंत, मग पुढच्या मार्चपर्यंत सगळं फुकट मिळालं, तेव्हा आमच्यातल्या जाणत्या माणसांनी ओळखलं होतं की एवढं फुकट देणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा राहणार किंवा नंतर वसूल करणार. पण जाणत्यांनीही सिम घेतलं. २०१७ ला दीड हजार अनामत ठेवून बटणांचा जिओफोन आला, तोही घेतला. मग सवय लागली, आणि सवय लागल्यावर भाव लागला. जुलै २०२४ ला रोजच्या दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला.

आता या २८ दिवसांबद्दल बोललं पाहिजे. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात १३ महिने होतात. २९९ गुणिले १३, म्हणजे ३,८८७ रुपये. आपल्या पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला धोंडे खाऊ घालून जातो. कंपनीच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि जावई तीच असते. ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत कंपन्यांना बजावलं की किमान एक पॅक तरी ३० दिवसांचा ठेवा. कंपन्यांनी ठेवला. तो कुठं ठेवला हे मात्र मोबाइलच्या दुकानात विचारलं तर दुकानदार आपल्याकडं अशा नजरेनं बघतो, की आपणच म्हणतो, "राहू दे, नेहमीचा मार."

रिचार्ज पोटाला, बाकीची हौस वेगळी. हॉटस्टार २०१५ ला आलं. २०१६ ला जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात प्राइम. झी फाइव्ह २०१८ ला. सोनी लिव्ह त्या सगळ्यांच्या आधीपासून होतं. २०२१ ला आपलं मराठीचंही प्लॅनेट मराठी आलं. क्रिकेटचं तर असं झालं, की २०२३ चा आयपीएल जिओ सिनेमावर फुकट आणि त्याच वर्षीचा वर्ल्ड कप मोबाइलवर हॉटस्टारवर फुकट, म्हणून दोन्ही उतरवून घेतले. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला, नेमक्या व्हॅलेंटाइनच्या दिवशी, त्या दोघांनी लग्न करून जिओहॉटस्टार असं जोडनाव घेतलं आणि वऱ्हाड्यांकडून आहेर मागायला सुरुवात केली. मोबाइलपुरता तीन महिन्यांचा आहेर १४९ रुपये.

पूर्वी हे सगळं काम एकटा केबलवाला करायचा. तो महिन्याला दारात यायचा आणि त्याला शिव्या देता यायच्या. "काल सामन्याच्या टायमाला कुठं मेला होतास?" असं विचारता यायचं, आणि तो वायरीला, माकडाला किंवा लाइटीला दोष देऊन दहा रुपये कमी घेऊन जायचा. आता सहा कंपन्या पैसे घेतात आणि सहापैकी एकीचाही माणूस दारात येत नाही. आमच्या गावातल्या बऱ्याचशा जुन्या माणसांचा ओटीटीवर मुख्य आक्षेप हाच आहे. चित्र चांगलं आहे, आवाज चांगला आहे, पण भांडायला माणूस नाही.

अशा वेळी सहा ठिकाणी पैसे भरायचे कसे? हा प्रश्न मोठमोठ्या शहरांत लोकांना पडलाय असं वाचतो. झरीत तो पडला नाही, कारण झरीत भावकी आहे.

माझ्या शेजारी चार भावांची चार घरं आहेत. मूळ वाडा एक. वाटणी होऊन तीस वर्षं झाली असतील. जमीन वाटली, बैल वाटले, हंडे-घंगाळं वाटली, वाड्याच्या चौकात मधोमध भिंत घातली, आणि त्या भिंतीनं कुणाचे चार बोट जास्त खाल्ले यावरून दोन भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. न वाटता राहिली ती एक विहीर, कारण विहीर वाटता येत नाही. तिच्यावर पाळ्या आहेत. थोरल्या नानांचे दोन दिवस, मग मधल्या आबांचे, मग तात्यांचे, मग धाकट्या बापूंचे. पाळी कुणी चुकवायची नाही, चुकली तर पुढच्यानं भरून द्यायची नाही, आणि भांडण पाण्यावरून न करता मोटारीच्या बिलावरून करायचं, हे नियम ठरलेले.

बापूंचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं नेटफ्लिक्सचं खातं काढलं, ६४९ रुपयांवालं. त्यात एका वेळी चार पडद्यांवर चालतं. ही बातमी भिंतीपलीकडं गेली तेव्हा नऊ वर्षं न बोललेल्यांपैकी एक, तात्या, स्वतःहून बापूंच्या ओट्यावर येऊन बसले. चार पडदे, चार भाऊ. ६४९ भागिले चार, १६२ रुपये २५ पैसे. तात्यांनी २५ पैसे सोडायची तयारी दाखवली. एवढी उदारता वाटणीच्या वेळी दाखवली असती तर भिंतीची वीट वाचली असती, असं आबा मागून म्हणाले, पण त्यांनीही पैसे दिले.

पासवर्डवर पाळ्या लागल्या. वास्तविक चार पडद्यांवर चार घरं एकदम बघू शकतात, पाळीची गरज नाही. पण नानांकडं टीव्ही एक आणि फोन तीन. नाना टीव्हीवर, सून फोनवर, नातू आणखी एकावर, की तिथंच तीन पडदे संपले. मग तात्यांनी लावलं तर लागतं आणि आबांनी लावलं तर लागत नाही. आबा कठड्यावरून ओरडतात, "कोण हाय रे वर? बंद करा एक!" विहिरीवर रात्री अशीच हाक ऐकत मी लहानाचा मोठा झालो. फरक इतकाच की तेव्हा उत्तर यायचं, "दारं धरलंय, एवढं वाफं होऊ द्या." आता उत्तर येतं, "शेवटचा भाग हाय, एवढा होऊ द्या."

एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. चार भावांची चार आणि पाचवं लेकरांचं. पण आपापल्या प्रोफाइलातच जायचं ही शिस्त भावकीत कुणाला? जो ज्याच्या नावावर बोट पडेल तिथं शिरतो. परिणामी आबांना, जे आयुष्यात वखराच्या पासेपलीकडच्या कशानं कधी हळवे झाले नाहीत, त्यांना नेटफ्लिक्स रोज कोरियन प्रेमकथा सुचवतं. आणि बापूंच्या बारावीतल्या मुलीला गुन्हेगारांच्या टोळीयुद्धांची शिफारस होते, त्यावरून तात्या काय बघतात ते सगळ्या भावकीला कळतं. वाटणीनंतर एकमेकांच्या घरात काय चाललंय हे कळायची सोय राहिली नव्हती. ती झाली.

सगळं सुरळीत चालू असताना २० जुलै २०२३ ला नेटफ्लिक्सनं भारतात नियम लावला की एक खातं एका घरापुरतं. घराबाहेरच्यांना द्यायचं नाही. आता अमेरिकेतल्या माणसाला घर म्हणजे काय वाटतं ते मला माहीत नाही, पण ज्या घराच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, ज्यात तीन आत्यांनी हक्कसोड दिलाय आणि चौथी अजून विचार करतेय, त्या घराची हद्द ठरवायला आमच्याकडं तीन तलाठी येऊन गेले आणि बदलून गेले. कंपनीनं हद्द सोप्या रीतीनं ठरवली. टीव्ही ज्या इंटरनेटला जोडलाय, त्याच इंटरनेटवर जे आहेत ते घरचे, बाकीचे परके.

यात पहिला परका ठरला तो खातेदारच. तो बिचारा चाकणला. टीव्ही झरीत. त्याला स्वतःच्या पैशानं घेतलेल्या खात्यात शिरायला कोड मागवावा लागू लागला. तो फोनवर बापूंना म्हणाला, "आबा-तात्यांना काढून टाकतो." बापू म्हणाले, "त्येंला काढलं तर भिंतीवरून पुन्हा सुरू व्हईल. तू कोड घे."

इकडं तात्यांनी उपाय काढला. नियम काय, तर इंटरनेट एक पाहिजे. ठीक. बापूंकडं वायफाय होतं. त्याचं यंत्र खोलीतून उचलून चौकातल्या त्या वादग्रस्त भिंतीवर, बरोब्बर मध्यावर ठेवायचं, म्हणजे चारही घरांना पुरेल. भिंतीवर ठेवायचं तर वायर न्यायला भिंतीला भोक पाडावं लागेल. ज्या भिंतीच्या चार बोटांसाठी पंचायत बसली, ज्या भिंतीला खिळा मारला म्हणून तक्रार झाली होती, तिला आबांनी स्वतः सब्बल लावली. नाना खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकदाच विचारलं, "भोक कुणाच्या हद्दीत पडायलंय?" आणि कुणी उत्तर दिलं नाही. ते यंत्र आता भिंतीवर, पावसात भिजू नये म्हणून युरियाच्या रिकाम्या गोणीत, तोंड उघडं ठेवून बसवलेलं आहे. चारही चुली वेगळ्या, घर एक. निदान कंपनीच्या कागदावर तरी.

इतर ॲपांचं दुखणं वेगळं. तिथं आत जायला ओटीपी लागतो, आणि तो जातो चाकणला. रात्रपाळी करून पुतण्या झोपलेला असतो तेव्हा नाना फोन लावतात. २०२५ च्या जूनपर्यंत असं व्हायचं, की फोन लागायच्या आधी अमिताभ बच्चनचा आवाज यायचा आणि सायबर भामट्यांपासून सावध करायचा. नाना ते सगळं शेवटपर्यंत, अदबीनं ऐकून घ्यायचे. अमिताभला मधेच तोडायचं म्हणजे काय. ते संपलं की पलीकडून पुतण्या "हां, काका" म्हणायचा आणि नाना म्हणायचे, "आलेला आकडा सांग बरं लवकर." तो सांगायचा. असं दर आठ-पंधरा दिवसांनी. अमिताभनं एवढं कळकळीनं सांगितलेलं दुसऱ्या कुठल्या घरानं इतक्या भक्तिभावानं ऐकून इतक्या तातडीनं मोडलं नसेल.

बायकांच्या मतांना मी मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण त्यांना फोन मिळालाच मुळी उशिरा. घरातला फोन बाप्याच्या खिशात. २०२४ च्या ऑगस्टात लाडक्या बहिणीचे पहिले पैसे आले तेव्हा पैसे बाईच्या खात्यात आणि आल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर, असं अनेक घरांत झालं. नवरा मेसेज वाचून हसला की बायको ओळखायची, आले. बापूंच्या घरातून, म्हणजे धाकट्या जावेनं, पुढच्या वर्षी स्वतःचा फोन घेतला, स्वतःच्या नंबरचा, आणि त्यात झी फाइव्ह घेतलं.

झी फाइव्हवर पैसे भरणाऱ्यांना मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी बघायला मिळतो. हे वाचताना साधं वाटतं. भावकीत ते साधं नाही. चार जावांत ती सगळ्यात धाकटी. लग्न होऊन आली तेव्हापासून भाकरी कुणी थापायची, पाणी कुणी शेंदायचं आणि पहिली ताटं कुणाची, यात तिचा नंबर शेवटचा. आणि आता संध्याकाळी मालिका लागायच्या आधी सगळ्या जावा तिच्या दारात. ती गहू निवडत असते. मान वर करत नाही. थोरली विचारते, "काय गं, आज त्या पोरीचं खरं समजंल का सासूला?" धाकटी एक खडा उचलून बाजूला ठेवते. "बघा की ताई संध्याकाळी." "सांग की गं, लई बोलू नको." "काय सांगू? बघण्यात मजा हाय." एवढं म्हणून ती असा चेहरा करते, की थोरलीला ना धड कळतं, ना धड राहवतं. शेवटी थोरली आपल्या घरातलं लोणचं वाटीभर आणून ठेवते. मग धाकटी अर्धं सांगते. माझ्या मते स्ट्रीमिंग या धंद्याचं इतकं चोख मोल अजून कुणी वसूल केलेलं नाही.

बाप्यांचं बघणं रात्रीचं. शेतीच्या लाइटीची आठवड्याआड पाळी रात्रीची असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर कडाक्याच्या थंडीत रात्री बारा-एकला मोटार चालू करून बांधावर बसायचं. झरीतला खरा प्राइम टाइम तो. तुऱ्हाटीची काडी रोवून तिला फोन टेकवतात आणि घोंगडी डोक्यावरून घेऊन एक भाग, दोन भाग. आवाज मात्र मोठा, कारण रानडुकरं. कशाच्या आवाजाला डुक्कर फिरकत नाही यावर पारावर एकदा मोठी चर्चा झाली. मारामारीचे दाक्षिणात्य पिक्चर चांगले, पण मधे प्रेमाचं गाणं लागलं की डुकरं परत येतात. भुताची मालिका डुकरांवर चालते, पण पाणी देणाऱ्यावरही चालते. शेवटी एकमत झालं ते बातम्यांच्या चॅनेलवरच्या चर्चेवर. ते फुकट, रात्रभर चालतं, आणि चार माणसं एकदम ओरडायला लागली की पलीकडच्या शिवारापर्यंत जनावर थांबत नाही.

प्राइमवरची 'पंचायत' बघितली नाही असा माणूस सापडणं अवघड. पण तिच्यावरही आक्षेप आहेत. फुलेरा गाव खरं नाही, चित्रण मध्य प्रदेशात सीहोरजवळच्या एका गावात झालंय हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं काही नाही. निवडून बायको येते आणि कारभार नवरा करतो, हे तर कुणी लिहायचीही गरज नव्हती, आमच्याकडं नुसता कॅमेरा लावला असता तरी झालं असतं. न पटलेली गोष्ट एकच. आबांनी पहिलाच भाग अर्ध्यात थांबवून विचारलं, "ह्यो सचिव रोज हापिसात ऱ्हातो?" पोरं म्हणाली, हो, तिथंच राहतो, तिथंच झोपतो. आबा म्हणाले, "मग ही गोष्ट खोटी हाय," आणि चहाला उठले.

आणि एवढ्या सगळ्या कंपन्या, एवढे करोडोंचे पिक्चर, यांच्या पुढं जूनमध्ये आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त कोण बघितलं जातं? पंजाबराव डख. आमच्याच सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. पावसाचा अंदाज सांगतात. २०२४ ला ते परभणीतून लोकसभेला उभेही होते. अंदाजाचा व्हिडिओ आला की तो एका फोनवरून दुसऱ्यावर जातो आणि मृगाच्या तोंडावर पारावर एकाच आवाजात पाच फोन बोलायला लागतात, पण मागंपुढं, त्यामुळं पाऊस कोणत्या तारखेला पडणार ते कुणालाच धड ऐकू येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचाही हवामान सल्ला येतो, तोही वाचतात. दोन्ही जुळले तर पेरतात, आणि नाही जुळले तर शेजारी काय करतो ते बघून पेरतात. या व्हिडिओला ना पासवर्ड, ना पाळी, ना महिन्याचे पैसे. तात्यांचं म्हणणं असं, की नेटफ्लिक्सनं 'पुढचा भाग' म्हणून दाखवलेलं निदान नक्की येतं, पावसाचं तसं नाही, म्हणून खरा सस्पेन्स इथंच. यावर मात्र चारही भाऊ सहमत आहेत. नेहमीपेक्षा लवकर सहमत झाले म्हणून मला जरा संशयच आला.

यंदा भावकीपुढं नवा पेच आला. चाकणच्या पोराचं लग्न ठरलं. मुलगी जिंतूर तालुक्यातली, शिकलेली. सोयरीक बघायला गेले तेव्हा शेती, शिक्षण, मामेकूळ सगळं विचारून झाल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, तुमच्याकडं कोणतं हाय?" पाहुण्यांना आधी वाटलं ट्रॅक्टर विचारतायत. त्यांनी महिंद्रा सांगितलं. मग खुलासा झाला. त्यांच्याकडं जिओहॉटस्टार आणि सोनी लिव्ह निघालं. भावकीकडं नेटफ्लिक्स, प्राइम आणि धाकटीचं झी फाइव्ह. एकही दुबार नाही. इतकं छान जुळलेलं पाहून ब्राह्मणानंही पत्रिकेचा फार आग्रह धरला नाही.

पण नवीन सूनबाईला प्रोफाइल पाहिजे. प्रोफाइलं पाच, पाचही भरलेली. एक काढल्याशिवाय सहावं बसत नाही. बैठक झाली. नाना वडीलधारे, पण सगळ्यात कमी बघतात, असं आबांनी सुचवलं. नानांना एरवी कमी ऐकू येतं, हे मात्र ऐकू आलं. "मपलं नाव सातबाऱ्यावरनं काढा," ते म्हणाले, "मी सही देतो. हितनं काढायचं नाही."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. भिंतीवरच्या यंत्राचा दिवा तेवढा चालू होता. मग नातवानं सांगितलं की नाना त्यांच्या प्रोफाइलात जातच नाहीत. ते लेकरांच्या प्रोफाइलात 'मायटी लिटिल भीम' बघतात. त्यात रांगतं बाळ खोड्या करतं आणि बोलत जवळजवळ कुणीच नाही. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "हाव, बघतो की. त्यात एक बी मानूस बोलत न्हाई. सगळं समजतं. तुमच्यात नुसतं बोलणंच बोलणं." त्यांचं प्रोफाइल सूनबाईच्या नावे झालं, लेकरांच्या प्रोफाइलवर नातवानं कंसात 'आणि नाना' असं लिहिलं, आणि त्या महिन्याचे १६२ रुपये देताना नानांनी विचारलं, लेकरांचं अर्धं तिकीट असतं, मग आपल्यालाही अर्धेच लागायला पाहिजेत ना?